चार मतांचं वजन : कोल्हापूर महापालिकेच्या २०१५च्या सभागृहाचा प्रकरण अभ्यास

२ नोव्हेंबर २०१५ला कोल्हापूर महापालिकेची मतमोजणी संपली, तेव्हा ८१ जागांचा हिशोब असा होता : काँग्रेस २७, ताराराणी आघाडी १९, राष्ट्रवादी १५, भाजप १३, शिवसेना ४, अपक्ष ३. बहुमताला ४१ लागतात. काँग्रेस-राष्ट्रवादीचे मिळून ४२, म्हणजे काठावर एक जास्त. भाजप-ताराराणीचे ३२. पंधरवड्यातच महापौर निवड झाली. काँग्रेसच्या अश्विनी रामाणे ४४ मतांनी महापौर झाल्या, विरोधात ३३ मतं पडली. दोन्हींची बेरीज ७७. उरलेले चौघे शिवसेनेचे. ते कुठल्याच पारड्यात नव्हते.

हा अभ्यास त्या चौघांचा आणि त्यांच्याभोवती झालेल्या देवाणघेवाणीचा आहे. मध्यममार्गी पक्ष आणि कडवे उजवे एका सभागृहात बसले की काय होतं, हा प्रश्न युरोपात गेली चाळीस वर्षं चर्चेत आहे. तिथे तो बहुधा कडव्यांना सत्तेबाहेर ठेवणाऱ्या भिंतीच्या भाषेत विचारला जातो : भिंत टिकली की पडली? कोल्हापुरात हा प्रश्न विचारायचा तर आधी भिंत कुठे होती ते शोधावं लागतं. आणि शोधत गेलं की गल्ली लागते, तालीम लागते, गट लागतो. भिंत लागत नाही.

एक खुलासा सुरुवातीलाच केलेला बरा. ‘कडवे उजवे’ हे लेबल इथे कुठल्याही नगरसेवकाच्या कपाळी लावलेलं नाही. शिवसेना तेव्हा एकसंध होती. डिसेंबर २०१४पासून ती राज्यात भाजपबरोबर सत्तेत होती, कोल्हापूरची महापालिका मात्र दोघे समोरासमोर लढले. हिंदुत्व ही दोघांचीही जाहीर भूमिका. भाजपच्या १३ जागा ताराराणी आघाडीशी बांधलेल्या होत्या आणि त्या आघाडीचे सूत्रधार महादेवराव महाडिक त्या वेळी काँग्रेसचे विधान परिषद आमदार होते. म्हणजे उजव्या बाजूच्या आघाडीचा कणा काँग्रेसच्या आमदाराने दिलेला. लेबलं लावायला बसलं की हे असं होतं.

प्रभाग किती लहान

२०११च्या जनगणनेत महापालिका क्षेत्राची लोकसंख्या ५,४९,२३६ होती. तिला ८१ने भागलं की एका प्रभागात साधारण ६,८०० माणसं येतात. त्यातले मतदार, त्यातलं प्रत्यक्ष मतदान आणि तिरंगी-चौरंगी लढत धरली, तर दीड-दोन हजार मतांत नगरसेवक होतो. एवढी मतं भाषणाने मिळत नाहीत. ती भावकी, तालीम मंडळ, बचत गट, गटारीचं काम आणि रात्री दोन वाजता दवाखान्यात आलेला माणूस यांतून येतात.

म्हणूनच एक विसंगती दिसते आणि तिच्याकडे फारसं कोणी बघत नाही. याच शहराने १९९०, १९९५, १९९९, २००९ आणि २०१४ला शिवसेनेचा आमदार निवडून दिला. आमदारकीला जो मतदार धनुष्यबाणावर बटण दाबतो, तोच महापालिकेला आपल्या तालमीच्या पोराला मत देतो, मग त्या पोराच्या गळ्यात हात असो की घड्याळ. आमदार शिवसेनेचा असताना महापालिकेत पक्षाच्या चारच जागा, हे त्या पक्षाचं अपयश म्हणून मोजण्यात अर्थ नाही. मोठ्या मतदारसंघात भावनेला वाव असतो. ६,८०० माणसांत ती पुरत नाही.

आणखी एक गोष्ट पेठांमधली. कोल्हापूरच्या कितीतरी तालमींत गणपतीही बसतो आणि मोहरमचे पंजेही बसतात. २०१८ आणि २०१९ला दोन्ही एकाच वेळी आले, तेव्हा काही ठिकाणी एकाच छताखाली दोन्हींची प्रतिष्ठापना झाली. अशा गल्लीत उभ्या राहिलेल्या उमेदवाराला, पक्ष कुठलाही असो, भाषा जपून वापरावी लागते. शिवसेनेच्या चौघांत एक मुस्लिम नगरसेवक होता, याचं बाहेरच्यांना आश्चर्य वाटतं. प्रभाग माहीत असणाऱ्याला वाटत नाही.

कायदा काय मोजतो

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ला विचारसरणी दिसत नाही, त्याला संख्याबळ दिसतं. समित्यांवरची नावं कलम ३१ अ प्रमाणे पक्षांच्या आणि आघाड्यांच्या तौलनिक संख्याबळावरून ठरतात. निकालाची अधिसूचना निघाल्यापासून एक महिन्याच्या आत आघाडीची नोंदणी करता येते, आणि नोंद झाली की ती निवडणुकीपूर्वीचीच असल्यासारखी मानली जाते. पुढे १९८६च्या अनर्हता (म्हणजे पक्षांतरबंदीच्या) कायद्याखाली तिचा व्हिप लागू होतो. कोल्हापूरसाठी हे दफ्तर पुण्यात, विभागीय आयुक्तांकडे.

सगळी मेख या एका महिन्यात आहे. नोंदवलेली आघाडी म्हणजे बांधील मतं. न नोंदवलेली मैत्री म्हणजे दर वेळी नव्याने बोलणी. चार जणांच्या गटाला नोंदणीतून मिळतं ते एकदाच, आणि मोकळं राहिल्याने मिळतं ते दर निवडीला. हे गणित कळायला राज्यशास्त्र लागत नाही. मोठ्या पक्षालाही त्यात सोय असते. शिवसेनेशी ‘आघाडी’ केली असं त्याला आपल्या अल्पसंख्याक किंवा पुरोगामी मतदाराला सांगावं लागत नाही. ‘ते तटस्थ राहिले’ एवढं सांगून भागतं. उलट बाजूला शिवसैनिकालाही ‘आपण काँग्रेसला मत दिलं नाही’ असं सांगता येतं. दोघांचीही अब्रू राहते.

तटस्थतेचा अंकगणिती परिणाम मात्र तटस्थ नसतो. महापौर निवड हात उंचावून होते आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांतून बहुमत मोजलं जातं. चौघे बाजूला झाले की ८१चे ७७ होतात आणि ४१ऐवजी ३९ पुरतात. ज्याच्याकडे आधीच ४२ आहेत त्याला दोन मतांची जादा मोकळीक मिळते. म्हणजे दोन नगरसेवक सहलीवरून परतलेच नाहीत, एखादा आजारी पडला, तरी खुर्ची शाबूत. ‘सहल’ हा शब्द इथे गंमतीने घेऊ नये. निवडीच्या आधी नगरसेवकांना कोकणात किंवा गोव्यात नेऊन ठेवणं हा कोल्हापूरच्या महापालिका राजकारणाचा नेहमीचा भाग आहे, आणि दोन मतांची मोकळीक असली की त्या सहलीवरचा ताण बराच उतरतो.

पाच वर्षं, आठ महापौर

कायद्याने महापौरपदाचा कालावधी अडीच वर्षांचा. कोल्हापुरात तो कारभारी, म्हणजे गटांचे नेते, ठरवतात. अश्विनी रामाणे, हसीना फरास, स्वाती यवलुजे, शोभा बोंद्रे, सरिता मोरे, माधवी गवंडी, सूरमंजिरी लाटकर, निलोफर आजरेकर अशा आठ महिला २०१५ ते २०२० या काळात महापौर झाल्या. आतल्या वाटपाप्रमाणे मुदत संपली की राजीनामा, मग पुन्हा निवड.

या पद्धतीवर टीका होते ती कामं रखडतात म्हणून, आणि ती बरोबरच आहे. पण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने तिचा दुसराच परिणाम महत्त्वाचा. दोन निवडींऐवजी आठ निवडी झाल्या, म्हणजे चौघांकडे जाण्याच्या वेळा चौपट झाल्या. सत्ताधाऱ्यांनी आपापसातली नाराजी मिटवायला खुर्चीचे तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्यागणिक बाहेरच्या छोट्या गटाचा भाव वाढवून घेतला. काठावरचं बहुमत आणि खांडोळी केलेली मुदत एकत्र आली की छोटा गट संख्येपेक्षा मोठा होतो. तो गट हिंदुत्ववादी आहे, डावा आहे की अपक्षांचा, याने या गणितात काही बदलत नाही.

या आठ जणींपैकी दोघी मुस्लिम. ज्या सभागृहात शिवसेना मोक्याच्या जागी होती आणि भाजप-ताराराणी ३२वर होते, त्याच सभागृहातली ही गोष्ट आहे. सहिष्णुतेचं प्रमाणपत्र म्हणून ती वाचू नये. पक्षांतर्गत पाळी कुणाची, एवढाच तो निर्णय होता. पण त्या निर्णयाला धर्म आडवा आला नाही, हेही नोंदवायला हवं.

देवाणघेवाणीत नेमकं काय असतं

शिवसेनेला मिळालेली दिसणारी गोष्ट म्हणजे परिवहन समितीचं सभापतिपद. काँग्रेस-राष्ट्रवादीच्या पाठिंब्यावर ते शिवसेनेकडे जात राहिलं. परिवहन समितीत महापालिकेने नेमलेले १२ सदस्य आणि पदसिद्ध म्हणून स्थायी समितीचे सभापती. केएमटी, म्हणजे महापालिकेची बससेवा, तोट्यात, बसगाड्या जुन्या, पगाराची ओढाताण कायमची. वरवर पाहता हे पद म्हणजे डोकेदुखी. पण गाडी मिळते, दालन मिळतं, बातमीत नाव येतं, आणि मार्ग व थांबे याबाबत शब्दाला वजन येतं. देणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर हे आदर्श पद आहे : तिजोरीची किल्ली नाही आणि मान आहे. सत्ताधाऱ्यांनी छोट्या मित्राला काय द्यावं याचा हा नमुना म्हणावा लागेल.

बाकीचं दिसत नाही. प्रभागातल्या कामांना अंदाजपत्रकात किती तरतूद, विभागीय कार्यालयाकडून रस्त्याचं पॅचवर्क कधी, प्रभाग समितीचा सभापती कोण, विषयपत्रिकेवर आपला विषय कितव्या क्रमांकावर. स्वीकृत नगरसेवकाच्या तेव्हाच्या पाच जागांची चर्चा फार होते, पण स्वीकृताला मत नसतं, त्यामुळे बेरजेत तो येत नाही.

प्रतीकांचे विषय हा वेगळा प्रकार. चौकाला नाव, कमान, पुतळा, राज्य शासनाला करायची शिफारस. हे विषय मतदानाला क्वचितच टाकले जातात. ते बहुधा ‘ऐनवेळचा विषय’ म्हणून येतात, सूचक एका पक्षाचा आणि अनुमोदक दुसऱ्या पक्षाचा असतो आणि ठराव एकमताने मंजूर होतो. कारण सरळ आहे : विरोधात हात वर करणाऱ्याचं नाव दुसऱ्या दिवशी छापून येतं, बाजूने असणाऱ्यांचं येत नाही. ज्याला विषय रेटायचा असतो तो हे ओळखून असतो. मध्यममार्गी पक्षांनी इथे खरी काळजी घ्यायची ती मतदानाच्या आधी, विषयपत्रिका बनताना. सभागृहात विषय पुकारला गेला की उशीर झालेला असतो. वादग्रस्त ठराव कलम ४५१खाली राज्य शासन निलंबित किंवा विखंडित करू शकतं, ही पळवाटही सगळ्यांच्या डोक्यात असते. ‘आपण मंजूर करू, वर बघतील काय ते.’ जबाबदारी वर ढकलायची ही सवय पक्षनिरपेक्ष आहे.

फेब्रुवारी २०१८ : स्थायी समिती

चार मतांचं खरं वजन सभागृहात नसून स्थायी समितीत होतं, हे आकडे मांडले की कळतं. समिती १६ जणांची. ८१ मधल्या हिश्शाप्रमाणे काँग्रेसला ५.३३, ताराराणीला ३.७५, राष्ट्रवादीला २.९६, भाजपला २.५७ आणि शिवसेनेला ०.७९ जागा येतात. म्हणजे पूर्णांक करताना शिवसेनेला एक. काँग्रेस-राष्ट्रवादीच्या ४२ जणांचा हिस्सा १६पैकी ८.३०. सभागृहात बहुमत आणि स्थायीत नेमकं निम्मं! ८ला ८ झाले तर चिठ्ठी. त्यामुळे स्थायीत शिवसेनेचा एक सदस्य सभागृहातल्या चौघांपेक्षा जड.

आणि स्थायी म्हणजे तिजोरी. आयुक्तांच्या अधिकारापलीकडचे ठेके तिथे मंजूर होतात. आयुक्तांनी मांडलेलं अंदाजपत्रक आधी तिथे येतं, फेरफार होऊन सभापती ते महासभेत मांडतात. सभापतिपद एका वर्षाचं. दरवर्षी निम्मे सदस्य निवृत्त होतात, पहिल्या वर्षी कोण ते चिठ्ठी टाकून ठरतं.

फेब्रुवारी २०१८च्या सभापती निवडीत सगळ्यांचं लक्ष शिवसेनेकडे होतं. बांध फुटला तो दुसरीकडे. राष्ट्रवादीच्या दोन सदस्यांनी भाजपच्या उमेदवाराला मत दिलं आणि भाजपचे आशिष ढवळे सभापती झाले. महापौर काँग्रेसच्या, स्थायी सभापती भाजपचे. त्या वर्षी अंदाजपत्रक भाजपच्या सभापतीने काँग्रेसच्या महापौरांपुढे ठेवायचं, अशी स्थिती आली.

हे का घडलं, याचं उत्तर विचारसरणीत शोधणारे फसतात. फुटलेली मतं धर्मनिरपेक्ष म्हणवणाऱ्या पक्षाची होती, आणि ज्या पक्षाला ‘कुंपणावरचा’ म्हणून सगळे धास्तावले होते त्याच्यामुळे ती फुटली नाहीत. पाळी डावलली गेली, हवी होती ती उमेदवारी मिळाली नाही, नेत्याने शब्द दिला होता : कोल्हापुरात फुटीमागे ही आणि अशीच कारणं असतात. वर राज्यात सत्ता भाजपची आणि पालकमंत्री चंद्रकांत पाटील भाजपचे, त्यामुळे नाराज माणसाला जायला जागा होती.

व्हिपने हे का थांबत नाही? गटनेत्याने व्हिप लेखी काढावा लागतो. तो बजावल्याचा पुरावा लागतो. सदस्य घरी सापडत नाही, मग दारावर चिकटवायचा, पंचनामा करायचा. बजावणारा माणूस नोंदणीतला गटनेता आहे की नाही, यावरच पहिला आक्षेप येतो. विरोधात मत पडल्यावर पक्ष १५ दिवसांत ते माफ करू शकतो, त्यामुळे त्या १५ दिवसांत समेटाची बोलणी चालतात. समेट फिसकटला तर विभागीय आयुक्तांकडे तक्रार, सुनावणी, तारखा, वर अपील. सभापतिपद एका वर्षाचं आहे हे आठवावं. निकाल लागेपर्यंत खुर्ची उपभोगून झालेली असते. फुटणारा हे मोजूनच फुटतो.

वरचं राजकारण आणि खालचं

महापालिकेला एकटं पाडून पाहिलं तर हे सगळं फक्त संधिसाधूपणासारखं दिसेल. जिल्ह्यात नजर फिरवली की त्यातला नियम दिसतो. मार्च २०१७ला ६७ जागांच्या जिल्हा परिषदेत भाजपच्या शौमिका महाडिक अध्यक्ष झाल्या आणि उपाध्यक्षपद शिवसेनेकडे गेलं. म्हणजे एकाच वेळी, एकाच जिल्ह्यात, शिवसेना नागाळा पार्कातल्या जिल्हा परिषदेत भाजपबरोबर आणि महापालिकेच्या चौकात काँग्रेसच्या सोयीची. पक्ष एकच, गट वेगळे, तालुक्याचे नेते वेगळे.

२०१९च्या लोकसभेला तर काँग्रेसच्या सतेज पाटील गटाने ‘आमचं ठरलंय’ म्हणत शिवसेनेच्या संजय मंडलिकांचं काम केलं. हरले ते मित्रपक्ष राष्ट्रवादीचे धनंजय महाडिक, आणि हरले तेही दोन लाख सत्तर हजारांच्या फरकाने. महाडिक पुढे भाजपमध्ये गेले आणि २०२२ला राज्यसभेवर. भाजपच्या नगरसेविका राहिलेल्या जयश्री जाधव एप्रिल २०२२च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसच्या आमदार झाल्या आणि ऑक्टोबर २०२४मध्ये शिंदे यांच्या शिवसेनेत गेल्या. नोव्हेंबर २०१९ला मुंबईत महाविकास आघाडीचं सरकार आलं, तेव्हा देशभर आश्चर्य व्यक्त झालं. कोल्हापूर महापालिकेत तोवर त्याची चार वर्षांची तालीम झालेली होती. मुंबईने फक्त नाव दिलं.

भिंतीची गोष्ट इथे का जुळत नाही

तुलनेसाठी दोन गावं. फ्रान्समधलं द्रो, पॅरिसच्या पश्चिमेला. सप्टेंबर १९८३च्या नगरपालिका निवडणुकीत पहिल्या फेरीत नॅशनल फ्रंट या कडव्या उजव्या पक्षाच्या उमेदवार यादीला १६.७ टक्के मतं पडली. फ्रेंच कायद्यात दुसऱ्या फेरीआधी याद्या एकत्र करता येतात. तिथल्या प्रस्थापित उजव्या पक्षांनी तेच केलं आणि सुमारे ५५ टक्के मतांनी डाव्यांकडून नगरपालिका घेतली. राष्ट्रीय पातळीवर नगण्य असलेल्या पक्षाला या एका छोट्या शहराने प्रतिष्ठा दिली. डिसेंबर १९८९मध्ये त्याच भागातून मारी-फ्रान्स स्तिर्बुवा त्या पक्षाच्या खासदार झाल्या.

दुसरं बेल्जियममधलं निनोव. तिथे बाकीच्या पक्षांनी कडव्या उजव्यांबरोबर सत्तेत बसायचं नाही असा जुना संकेत आहे. २०१८ला फोर्झा निनोव या कडव्या उजव्या यादीने ३५पैकी १५ जागा जिंकल्या, सुमारे ४० टक्के मतं. उरलेल्यांनी कसंबसं १८चं बहुमत जुळवून तिला बाहेर ठेवलं. २०२४ला तिने एकटीने १८ जिंकल्या आणि तिचे नेते खी दासेलेर महापौर झाले. द्रोत दार उघडलं आणि निनोवमध्ये लावून घेतलं. दोन्ही ठिकाणी सहा वर्षांनी निकाल एकाच दिशेला गेला, त्यामुळे ‘असंच करायला हवं होतं’ असं छातीठोकपणे कोणी सांगू नये.

कोल्हापूरला यातलं काही लागू करायचं तर दोन फरक आड येतात. पहिला : द्रो आणि निनोवमध्ये निवडून आलेलं सभागृह कारभारी मंडळ निवडतं, म्हणजे शहर कोण चालवणार हे तिथे ठरतं. आपल्याकडे कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे, सरकारने पाठवलेल्या अधिकाऱ्याकडे. महापौर सभा चालवतात. त्यामुळे ‘सत्तेत बसणं’ म्हणजे आपल्याकडे समित्या आणि निधीच्या वाटपात वाटेकरी होणं, इतकंच. कुणाला बाहेर ठेवलं तर शिक्षा त्याच्या विचाराला होत नाही, त्याच्या प्रभागातल्या गटारीला होते. मतदार ते बरोबर लक्षात ठेवतो.

दुसरा फरक पक्षाचा. भिंत बांधायला दोन्ही बाजूंना पक्ष नावाचा घट्ट माल लागतो. इथे माणूस नगरसेवक होतो गटाचा, चिन्ह त्या वर्षी मिळेल ते.

सभागृह रिकामं असताना

१५ नोव्हेंबर २०२०ला या सभागृहाची मुदत संपली. करोना, मग आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा न्यायालयीन घोळ. प्रशासक आले आणि पाच वर्षं राहिले. मार्च २०२२पासून जिल्हा परिषदेतही तेच.

याच रिकाम्या काळात रस्ता तापला. ६ जून २०२३ला, शिवराज्याभिषेक दिनी, समाजमाध्यमांवरच्या आक्षेपार्ह स्टेटसवरून तणाव झाला. ७ जूनला हिंदुत्ववादी संघटनांनी बंदची हाक दिली, शिवाजी चौकात जमाव जमला, दगडफेक झाली, लाठीमार आणि अश्रुधूर झाला, इंटरनेट बंद ठेवावं लागलं. वर्षभराने, १४ जुलै २०२४ला, विशाळगडावरच्या अतिक्रमणांच्या प्रश्नावर संभाजीराजे छत्रपतींनी गडाकडे येण्याची हाक दिली होती. ते पोचण्याआधीच पायथ्याजवळच्या गजापूरमध्ये जमावाने मुस्लिमांची घरं आणि मशीद फोडली. दोन दिवसांत काँग्रेसचे खासदार शाहू छत्रपती, म्हणजे संभाजीराजांचे वडील, तिथे पोचले आणि त्यांनी हल्ल्याचा निषेध केला. उच्च न्यायालयाने १९ जुलैला पावसाळ्यात पाडकाम करायला मनाई केली. मध्यममार्गी राजकारण आणि आक्रमक हिंदुत्व यांच्यातली रेषा आखायची तर या प्रकरणात ती एकाच राजवाड्याच्या सोप्यातून गेल्यासारखी दिसते. आखणाऱ्याने जरा सावकाश घ्यावं, एवढंच.

या दोन्ही घटनांत महापालिकेचा एकही नगरसेवक पदावर नव्हता. शांतता समितीची बैठक पोलीस बोलावतात, तिथे माजी नगरसेवक येतात आणि बोलतातही. पण ज्याच्या हातात प्रभागाचं एकही काम नाही त्याच्या शब्दावर तालमीतली पोरं किती थांबणार? पूर्वी नगरसेवकाला गल्लीत भांडण नको असायचं, कारण त्याची दीड-दोन हजार मतं दोन्ही बाजूंत विभागलेली असायची. हा स्वार्थ फार उपयोगाचा होता. प्रशासकाला तो नसतो आणि बाहेरून येणाऱ्या संघटनेला तर नसतोच. नगरसेवक असते तर दगड पडलेच नसते, असा दावा करता येत नाही. मिरवणुका आणि दंगे नगरसेवक असतानाही झालेले आहेत. मात्र सभागृहातल्या सौद्यांना नावं ठेवणाऱ्यांनी हे पाहायला हवं की सौदा करायला समोर माणूस लागतो, आणि त्या पाच वर्षांत तो बसायची खुर्चीच नव्हती.

पुढच्या सभागृहात काय तपासायचं

जानेवारी २०२६ला महापालिकेची निवडणूक झाली ती बहुसदस्यीय प्रभागांतून : १९ प्रभाग चार जणांचे, एक पाच जणांचा, एकूण ८१. जुन्या जनगणनेच्या हिशोबाने एका प्रभागात सरासरी २७ हजारांवर माणसं येतात, पूर्वीच्या चौपट. एका तालमीचं वजन त्या प्रमाणात घटतं आणि चिन्हाचं वाढतं. चार बटणं दाबायची असल्याने पॅनेल बनतं. त्यात एक उमेदवार पेठेतला, एक उपनगरातला, एक आर्थिक बाजू सांभाळणारा आणि एक आक्रमक संघटनेतून आलेला असू शकतो. पूर्वी ज्याला ६,८०० माणसांत स्वतःच्या बळावर निवडून यावं लागायचं, तो आता तिघांच्या आधाराने येऊ शकतो. आधी सभागृहात व्हायची ती सरमिसळ आता उमेदवारी वाटपात होते, आणि तिची नोंद कुठल्याही इतिवृत्तात राहत नाही.

इतिवृत्तात जे राहतं ते वाचायला तरी हवं. विभागीय आयुक्तांकडे पहिल्या महिन्यात कोणत्या आघाड्यांची नोंद झाली आणि कोण जाणूनबुजून मोकळं राहिलं. स्थायीच्या १६ जागांत कुणाचा अपूर्णांक कुणाच्या पदरात पडला. निवडीच्या दिवशी हजेरीपटावर सही आहे पण हात कुठेच वर नाही, असे किती जण. परिवहन सभापतिपद कुणाला गेलं. आणि वर्षभराने चिठ्ठ्या टाकून आठ जण स्थायीतून बाहेर पडतील, तेव्हा त्यांच्या जागी आलेल्या आठांपैकी किती जण तोवर दुसऱ्या गटाच्या सहलीला जाऊन आलेले असतील.